परतीची सवलत

अमरावतीला बदली होऊन आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या घरातले धोंडोपंत माझ्या ओसरीवर आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दारामागे मी ज्वारीचं पोतं उभं करून ठेवलं होतं. त्याचं तोंड त्यांनी सोडलं, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि काखेपर्यंत हात आत खुपसला. अगदी बुडाची मूठभर ज्वारी वर काढली, हुंगली, गालाला लावली.

"वरची ज्वारी दाखवाची असते मास्तर, खालची खावाची असते. कोण्या दुकानातून आणली?"

मी दुकान सांगितलं. "मंग बराबर हाय," असं म्हणून हात झटकत ते निघून गेले. ती ज्वारी चांगली होती की वाईट, हे मला अजूनही कळलेलं नाही.

त्या हातावरच त्यांचं पोट होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या गावात कापसाशिवाय दुसरी भाषा नव्हती. दिवाळी झाली की जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापाशी कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागे. वजन वाढावं म्हणून काही बहाद्दर मधल्या थरावर पाणी शिंपडून आणायचे. मालकाने धोंडोपंतांना ठेवलं होतं ते एवढ्याचसाठी. ते बंडीवर चढत, हात आत घालत, बोंड गालाला लावत आणि आत ओल आहे की नाही ते सांगत. त्यांचा गाल कधी चुकला नाही. शेतकरी त्यांना तोंडावर रामराम करत आणि पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिता येत नाही.

पण माणूस जिनातून घरी येई तेव्हा हात जिनातच ठेवून यावा की नाही! छे! हे गृहस्थ लग्नाच्या पंगतीत बुंदीच्या पातेल्यात हात घालत. दवाखान्यात औषधाची बाटली उलटी करून तळ बघत. भिक्षुकाने पोथी वाचायला घेतली तर मधली पानं गाळतो की काय म्हणून शेजारी बोट धरून बसत. त्यांच्याकडे पाहुणा उतरला की त्याची वळकटी रात्रभर उशाला घेऊन निजायचे ते धोंडोपंतच. चोरीच्या भीतीने नव्हे, पाहुणा किती दिवस राहणार ते कपड्यांवरून कळतं म्हणून.

खर्चाचं तर नावच काढू नका. विड्याचं पान ते अर्धं करून खात. उरलेलं अर्धं काकूंना देत, हे मात्र लिहिलं पाहिजे.

काकू म्हणजे त्यांची बायको. मूळची कोकणातली, थेट समुद्राकाठची. धोंडोपंतांचे आजोबा कधीकाळी कोकणातून नोकरीला इकडे आले आणि घराणं पार वऱ्हाडी होऊन गेलं, पण मुलगी पाहायची ती कोकणातलीच, असा त्यांच्या वडिलांचा हट्ट. काकू परकरात असताना इकडे आल्या, त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. मूलबाळ झालं नाही. बोलायच्या कमी. अधूनमधून मात्र उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर येऊन म्हणायच्या, "मास्तर, आमच्याकडे या वेळेला भरती असते." आमच्याकडे त्या वेळेला फुफाटा असे.

असा हा माणूस एका हिवाळ्यात माझ्याकडे येतो काय आणि म्हणतो काय, "मास्तर, आगबोटीची सहल करून राहिलो. तुमी चाला."

मला वाटलं, ऊन लागलं. पण हिवाळा होता.

"आगबोट?"

"मुंबईहून कोकणात. हवापालट. जिनातला गोरा साहेब दरसाल करते. तो आगबोटीत खुर्ची टाकून बसते अन् खजिना उधळते. मी डेकवर सतरंजी टाकून बसतो. त्याले जो समुद्र दिसते तोच मले दिसते. फस्टक्लासचा समुद्र काही अलग नसते!"

"पण मी कशाला?"

"सोबत."

धोंडोपंतांना सोबत? मी मास्तर माणूस. परीक्षेत कोणाच्या बाहीत काय आहे ते मला लांबून कळतं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण समुद्र मीही पाहिलेला नव्हता, सुट्टी होती, आणि ते म्हणत होते की त्यांच्या हिशेबाने चाललं तर एवढ्या पैशात पुन्हा कोणी समुद्र दाखवणार नाही. मी हो म्हणालो.

मग तयारी सुरू झाली. आगबोटीवर बुडू नये म्हणून गळ्यात अडकवायचे बुचाचे पट्टे असतात, असं मी म्हणालो, तर ते उसळलेच. "आत बूचच असन कशावरून? कोणी फाडून पाह्यलं?" दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर त्यांनी विहिरीत दोन उश्या सोडल्या. एक साध्या कापसाची, एक सावरीच्या कापसाची. साधी पाणी पिऊन खाली गेली आणि सावरीची आरामात तरंगत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "कापसातलं मले शिकवते!" म्हणत त्यांनी सावरीच्या दोन मोठ्या उश्या शिवून घेतल्या. दोन्ही काकूंसाठी.

"अन् तुम्हाला?" मी विचारलं.

"मले आजपावेतो कोणी बुडवू शकलं नाही मास्तर. समुद्र काय बुडवते!"

निघायच्या दिवशी अमरावती ते बडनेरा हे रेल्वेचं भाडं वाचवायला आम्ही तिघं जिनाच्या रिकाम्या बंडीतून गेलो. हाडं खिळखिळी झाली. बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर धोंडोपंतांनी कमरेची किल्ली काढली, त्यांच्या घराची, आणि माझ्या हातात ठेवली. "तुमच्यापाशी ठेवा."

मी किल्लीकडे बघतच राहिलो. हा माणूस जिनात जाताना स्वतःच्या बायकोला कोठीघराची किल्ली देत नसे!

विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण अकोला आलं आणि फलाटावर माझी मावशी डबा घेऊन उभी. मी चाट पडलो. मी तिला काही कळवलं नव्हतं. कळवलं होतं धोंडोपंतांनी. वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या स्टेशनावर कोणाचा ना कोणाचा नातेवाईक शोधून त्यांनी कार्डं टाकली होती. भुसावळला त्यांचे साडू, नाशकाला जिनातल्या मुनीमजीचे व्याही. मुंबईपर्यंत जेवणावर दमडी पडायची नव्हती.

"कोण रे हे गृहस्थ?" मावशी मला बाजूला घेऊन पुटपुटली. तोवर गृहस्थांनी डब्यात मनगटापर्यंत हात घालून तळची पुरी वर काढली होती.

"खालच्याबी तुपातल्याच हायेत," त्यांनी जाहीर केलं. मावशीचा चेहरा असा झाला, की बापरे!

मुंबईला धक्क्यावर पोचलो. तिकिटाच्या खिडकीपाशी ही गर्दी. कारकुनाने सांगितलं, परतीचं तिकीट काढाल तर भाड्यात चांगली सवलत आहे. धोंडोपंत माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी परतीचं घ्या. सवलत सोडू नोका." मी घेतलं. मग ते खिडकीत वाकले आणि म्हणाले, "दोन. जायाचे."

"परतीचं नको?" कारकुनाने विचारलं.

"नाई."

सवलत! आणि धोंडोपंत सोडतात! अर्धं पान खाणारा माणूस! एकदम सगळं डोळ्यांपुढे आलं. आम्ही निघालो त्याच आठवड्यात जिनाच्या मालकाने नागपूरहून कोणी माणूस बोलावल्याची बाजारात कुजबुज होती. कोणी म्हणे हिशेब तपासायला. इकडे हे गृहस्थ परतीचं तिकीट न काढता परागंदा व्हायला निघाले होते आणि घराची किल्ली होती माझ्या खिशात! उद्या पोलीस आले की सापडणार कोण? मास्तर!

बोट हलली. डेकवर माणसं, ट्रंका, कोंबड्या, करंड्या, सगळा एकच बाजार. धोंडोपंतांनी आमची सतरंजी कठड्याला लागून टाकली. सामान एका दोरीत ओवलं आणि दोरीचं टोक स्वतःच्या पायाला बांधलं. दुसरं टोक काकूंच्या मनगटाला. काकूंच्या पोटापाठीला त्या दोन उश्या. लोक हसत होते. काकूंना त्याचं काही नव्हतं. त्या डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघत होत्या आणि बोट हलताना आमच्यासारखं त्यांना काहीएक होत नव्हतं. मी मात्र दोन वेळा कठड्यावर वाकून आलो.

दुपारी माझ्याने राहवेना. काकूंचा डोळा लागलासा पाहून मी धोंडोपंतांना सरळ विचारलं, "जिनात काही भानगड आहे का?"

"कोणती भानगड?"

"तो नागपूरचा माणूस."

"तो? तो नव्या मशीनचा फिटर हाय." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि संशय म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. "असं! मी पळून चाललो वाटते तुमाले?"

"मग परतीचं तिकीट का नाही काढलं? किल्ली मला का दिली?"

ते पायाच्या दोरीशी चाळा करू लागले.

"ही लगीन होऊन आली ना मास्तर, तवा सहा महिने रडे. म्हणे, एकडाव समुद्र दाखवून आणा. मी म्हटलं, खर्च लय हाय. दुसऱ्या साली इचारलं, म्हटलं खर्च हाय. मंग तिनं इचारणंच सोडलं." त्यांनी दोरीची गाठ घट्ट केली. "खर्चाचं नव्हतं हो. मले वाटे, तिथं उतरली अन् वापस बोटीत चढलीच नाही तं? आपल्या घरी काय हाय? धूळ, ऊन अन् मी."

काकूंच्या अंगावरून घसरलेली उशी त्यांनी नीट केली.

"आता तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला. डाक्टर म्हणते, किती दिसन किती नाही, भरवसा नाही. म्हून आणली. कापसात हात घालून सांगतो मी, आत काय हाय ते. हिच्या मनात काय हाय, ते मले इतक्या वर्सात नाई समजलं. राहतो म्हणाली तं राह्य म्हणीन. मंग मीबी राहीन. मी एकटा वापस जाऊन काय करू?"

"आणि नोकरी?"

"जिनाले दुसरा हात भेटते. पण घर उघडाले कोणी वापस जाणारा पाहिजे होता ना. म्हून तुमी."

म्हणजे मी सोबत नव्हतो, किल्ली नेणारा होतो! एरवी मी भडकलो असतो. तेव्हा मात्र मी खिशातली किल्ली काढून कनवटीला नीट खोचली.

संध्याकाळी काकूंच्या गावासमोर बोट थांबली. होडीत उतरलो. किनारा आला तशा काकू उश्यांसकट घोटाभर पाण्यात उतरल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. धोंडोपंत दोरी सोडायचं विसरले होते, त्यामुळे त्यांनाही उभं राहावं लागलं.

काकूंचे भाऊ-भावजय चांगली माणसं. पुढची बोट येईपर्यंत आम्ही त्यांच्याकडे राहिलो. काकू रोज सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन बसत. धोंडोपंत मागे माडाखाली बसून त्यांच्या पाठीकडे बघत. त्यांनी त्या घरातल्या एकाही भांड्यात हात घातला नाही. भाताच्या पोत्यापाशी दोनदा गेले आणि तसेच परत आले. मला त्यांचे हाल बघवेनात.

माझ्या बोटीचा दिवस उजाडला. धोंडोपंत मला किनाऱ्यापर्यंत पोचवायला आले. घराच्या कवाडाला कोणत्या बाजूने धक्का द्यायचा, गायीच्या आंबोणासाठी गवळ्याला काय सांगायचं, हे सगळं मला पुन्हा पुन्हा समजावत होते. शेवटी म्हणाले, "जाजा मंग संभाळून," आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात मागून काकू येताना दिसल्या. काखेत दोन उश्या, हातात बोचकं, आणि मागे त्यांचे भाऊ समजूत घालत येत होते.

"चाला," काकू म्हणाल्या.

"कुठं?" धोंडोपंत म्हणाले.

"अमरावतीले, आणखी कुठं? इतके दिवस झाले, भाकर नाही दिसली का ठेचा नाही. भाजीत खोबरं, आमटीत खोबरं. अंग धुतलं तं वाळत नाही. काल गादीत हात घालून पाह्यला मी. पार आतवर ओल!"

भाऊ हसायला लागले. "ताई, अगं हे कसलं बोलणं तुझं?"

"कसलं म्हणजे? घरचं." त्या धोंडोपंतांकडे वळल्या. "परतीचं तिकीट हाय ना?"

धोंडोपंतांनी मान हलवली. नाही.

"नाही? सवलत असते म्हणे ना? मंग काहून नाही काढलं? आता पुरं भाडं पडन ना! इतके पैसे काय झाडाले लागले?"

आख्ख्या अमरावतीत ज्यांना आजवर कोणी उधळ्या म्हटलं नव्हतं, ते धोंडोपंत बायकोची बोलणी खात वाळूत उभे होते, आणि त्यांचा चेहरा, काय सांगू तुम्हाला, लग्नात वरात निघाल्यावर नवऱ्या मुलाचा असतो तसा झाला होता.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला वेड लावलं. डेकवर शेजारी बसलेल्या कोकण्याला, मुंबईच्या हमालाला, भुसावळला डबा घेऊन आलेल्या साडूला, जो भेटेल त्याला ते आपण होऊन सांगत. "परतीचं काढलं नव्हतं ना. पुरं भाडं पडलं बाप्पा, दोघायचं!"

अकोल्याला मावशी पुन्हा डबा घेऊन आली होती. या खेपेला तिने झाकण दोरीने करकचून बांधलेलं होतं. धोंडोपंतांनी डबा तसाच माझ्याकडे दिला आणि खिडकीतून तिलाही सांगितलं, "पुरं भाडं पडलं, मावशी."

"अगं बाई!" मावशी हळहळली. "फार नुकसान झालं का हो?"

"हळू बोला जरा," ते म्हणाले. शेजारी काकू सावरीच्या उशीवर डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. "आता बडनेराच येते. तवरोक निजू द्या तिले."