लॅपटॉपचं पक्कं पॅकिंग

"माझ्या हातचं पॅकिंग थेट जर्मनीत उघडतात. वाटेत फुटलं असं एकदाबी झालं न्हाई," भैरू कासारवाडीच्या चाळीत भेटेल त्याला ऐकवायचा. खोटं नव्हतं ते. चाकणच्या कंपनीत चौदा वर्षं त्यानं गिअरच खोक्यात भरले होते. बाकी मिरवावं असं बिचाऱ्याकडं होतं तरी काय? एक लेक, बस्स.

त्या लेकीची, स्वरूपाची, शनिवारी अकरा वाजता लॅपटॉपवर मुलाखत होती. नोकरीची शेवटची फेरी. अख्ख्या कॉलेजातून तिघंच इथवर पोचलेले. आदल्या दिवशी तिच्या आईनं, कस्तुरानं, चहाचा कप नेमका लॅपटॉपला खेटून ठेवला आणि भैरूनं तो झटकन उचलून घेतला. एवढीशी खोली, वर फळीवर तेलाचा डबा, खाली सगळ्यांचे पाय. हे यंत्र उद्यापर्यंत टिकायचं कसं?

शनिवारी पोरगी अंघोळीला गेली तेवढ्यात त्यानं कंपनीतून मागून आणलेला पारदर्शक प्लास्टिकचा रोल काढला. पडद्याला सात वेढे, कीबोर्डला नऊ, कोपऱ्यांना फोम. चार्जरपुरतं भोक ठेवलं, बाकी मुंगी शिरणार नाही असा बंदोबस्त.

"आप्पा, हे काय करून ठेवलंय?"

"आता वरून डबा पडू दे, काय होत न्हाई."

"अहो, पण खालची जाळी बुजली. हवा कुठून खेळायची?"

"हवेबरोबर धूळ जाती, येडे."

अकराला दहा मिनिटं कमी होती. कात्री नुसती घसरत होती. शेवटी स्वरूपा तशीच लॅपटॉपसमोर बसली.

"स्वरूपा, तुमच्याकडे धुकं पडलंय का?" पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं. मग म्हणाल्या, आवाज येत नाही. भैरू दाराआडून खुणावू लागला, मोठ्यानं बोल. पोरगी ओरडून उत्तरं द्यायला लागली. घरात भांडण पेटलं असं समजून शेजारची मंजुषा धावत आली. तिला समजावून वाटेला लावेपर्यंत लॅपटॉप घरघरू लागला. वर भाकरी भाजावी इतका तापला आणि तिसऱ्या प्रश्नाला गपकन विझला.

मोबाईलचा उपयोग नव्हता, प्रोग्राम लॅपटॉपवरच लिहून दाखवायचा होता. भैरूनं घाईघाईत प्लास्टिक कापताना ब्लेड मोडलं. कस्तुरानं विळी आणून दिली.

"नारळ सोलायला एवढा वेळ लागत न्हाई," ती म्हणाली.

शेवटचा वेढा सुटला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मॅडम केव्हाच उठल्या होत्या. दुपारी मेल आला, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. स्वरूपा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

संध्याकाळी लॅपटॉप गार झाला आणि काही घडलंच नाही असा मुकाट्यानं सुरू झाला.

"चालू हाय बरं का," भैरू हळूच म्हणाला.

"तुमचं पॅकिंग भारीच आहे, आप्पा," पोरगी तशीच पडल्या पडल्या म्हणाली. "आत काही गेलं नाही. माझा आवाजसुद्धा बाहेर गेला नाही."

भैरूनं नुसतं 'व्हय' म्हटलं. लेकीकडं बघायची त्याची छाती झाली नाही.