ताऱ्याने रिकामी केलेली इमारत

अवघड गोष्ट मुलांना सोपी करून सांगण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी बायकोला लग्नापासून ऐकवत आलोय. त्यामुळे त्या रविवारी दुपारी सात वर्षांच्या लेकीने "बाबा, तारे का लुकलुकतात?" असं विचारलं आणि मी बाह्याच सरसावल्या!

पडदे ओढले. टॉर्चच्या काचेवर चांदीचा कागद लावून त्याला टाचणीने भोक पाडलं. झाला तारा! मध्ये तापलेली इस्त्री उभी केली. तिच्यावरून पाहिलं तर तारा असा थरथरायला लागला, जसा मी साहेबांसमोर!

"बाबा, तारा हलतोय!"

"तारा नाही गं, मधली हवा हलतेय. आकाशात हवेचे थर असतात. काही गरम, काही थंड, आणि सारखे हलणारे. ताऱ्याचा प्रकाश त्यातून येताना इकडेतिकडे वाकतो. म्हणून आपल्याला खालून वरचं हलताना दिसतं. समजलं?"

"समजलं!" म्हणत ती खेळायला खाली पळाली. मी इस्त्री बंद केली आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन आडवा झालो.

आता एक सांगायला हवं. जुन्या इमारती राहण्याजोग्या आहेत की नाहीत, हे तपासणं ही माझी नोकरी! आमचीही इमारत जुनीच. मी जिन्यातल्या भिंतीकडे दोन क्षण जास्त पाहिलं तरी शेजाऱ्यांना घाम फुटतो.

पुढचं मला नंतर कळलं. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंनी लेकीला मान वर करून उभं असलेलं पाहिलं.

"काय बघतेस गं?"

"बाबांनी दाखवलं. खालून बघितलं की वरचं हलताना दिसतं."

काकूंच्या ओठातल्या टाचण्या गळून पडल्या. "तुझ्या बाबांनी? कधीपासून हलतंय?"

"नेहमीच! थर हलतात ना सगळे!"

"आणि आम्हाला एका शब्दाने बोलला नाही मेला!"

पाच मिनिटांत माझ्या दारावर दणादण थापा. "पळा! इमारत हलतेय!"

मी झोपेतून ताडकन उठलो. "कोण म्हणतंय?"

"तपासणीवाले साहेब!"

मग काय राहिलं! साहेब म्हणतायत म्हणजे संपलंच! साहेब म्हणजे मीच, हे झोपेत ध्यानातच आलं नाही हो! बनियनवर, एका पायात बायकोची चप्पल घालून मी चार मजले उतरलो. वाटेत काठीवाल्या आजोबांना मागे टाकलं. अंगणाच्या टोकाला, पार्किंगच्या पत्र्याच्या शेडमागे उभं राहून पत्र्यावरून इमारतीकडे पाहिलं.

पहिल्या मजल्याची गॅलरी लाटेसारखी हलत होती! वीस वर्षांच्या नोकरीत असलं काही पाहिलं नव्हतं!

"मागे व्हा!" मी ओरडलो. "पडणार!"

तज्ज्ञानेच असं म्हटल्यावर रडारड सुरू झाली. कोणीतरी आगीचा बंब बोलावला.

"मला निदान हाक तरी मारायची होती," मागून आवाज आला. बायको! आजोबांना हाताला धरून आणत होती. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

एवढ्यात बंब आला. अधिकारी उडी मारून उतरले. "कुठे हलतंय?"

मी बोट गॅलरीकडे केलं. तोच लेकीने माझा बनियन ओढला.

"बाबा, गॅलरी नाही हलत. हा पत्रा तापलाय ना उन्हाने, त्याच्यावरची हवा हलतेय. इकडून बघा."

तिने मला दहा पावलं बाजूला नेलं. गॅलरी मुकाट उभी होती.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, की हवेचे जे थर—"

"तुम्ही नको," अधिकाऱ्यांनी हात वर केला. हेल्मेट काढलं आणि लेकीसमोर खाली बसले. "ताई, तुम्ही सांगा. सावकाश."

ती सांगू लागली. काकू बसल्या, आजोबा बसले, सगळी इमारत बसली.

मागे थोडी जागा होती. मीही बसलो.