हिची जोडवी, माझे पाय

यंदाच्या नवरात्रात टेकडी अनवाणी चढायची, असं मी पितृपक्षातच ठरवून टाकलं. ठरवायला मला काही त्रास झाला नाही. (ठरवण्याच्या कामात पाय लागत नाहीत.)

देवासची टेकडी म्हणजे काही हिमालय नव्हे. आमची ही (नाव विनोदिनी) दर अष्टमीला अनवाणी वर जाऊन देवीची ओटी भरून येई. मी पायथ्याशी बसे.

"एकदा तरी जोडीनं वर या ना," ती म्हणे.

"आणि जोडे कोण राखणार? चोरीला जातील."

ती हसून चढू लागे. गेल्या पौषात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. जोडीनं वर जाणं तेवढं राहून गेलं.

माझे पाय थोरल्या पातीच्या कचेरीतले. म्हणजे गादीवर मांडी घालण्यापुरतेच घडवलेले. म्हणून मी धाकट्या पातीतल्या शालिग्रामबुवांकडे योग शिकायला गेलो. (आमच्या गावाला राजे दोन; एकाची थोरली पाती, दुसऱ्याची धाकटी. रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. माझा घोटा मात्र दोन्ही राज्यांत सारखाच मुरगळतो.)

बुवांनी माझे तळवे दाबून पाहिले. "भिया, ये पाँव हैं या पापड? आसन बाद में. पहले पाँव."

टाच, अंगठ्याचं बूड, करंगळीचं बूड, तिन्हींवर सारखा भार देऊन उभं राहायचं. तळव्याची कमान उचलायची. जमिनीवर पंचा टाकून तो बोटांनी ओढायचा. चवड्यांवर उभं राहायचं ते अगदी शेवटी आणि थोडंच. "जल्दी करोगे तो टखना जाएगा," बुवांनी माझ्या घोट्याकडे बोट दाखवून बजावलं. शिवाय माझी बोटं एकमेकांना चिकटून बसलेली. मध्ये कापूस घालून ती मोकळी करा म्हणाले.

घरात कापूस होता तो वातींचा.

"दत्तू, देवाच्या वाती पायात?" माझी थोरली बहीण, रुक्मिणीआक्का, कडाडली.

"आक्का, योगासाठी."

"मग नवरात्रात समईत काय, तुझी बोटं लावू?"

तेव्हा मला देव्हाऱ्याशेजारची डबी आठवली. हिची जोडवी. चांगली जाड, एकसंध. घातली, तर बोटं खरोखरच फाकली. (एवढ्यासाठीच घातली, असं मी बुवांना सांगितलं.) त्या उत्साहात त्यांचं बजावणं विसरून कितीतरी वेळ चवड्यांवर उभा राहिलो. बोटं सुजली. जोडवी अडकली.

सकाळी फरशीवरून चालू लागलो तर टक्, टक्. स्वयंपाकघरातून आक्काची हाक आली, "विनोदिनी, दूध बघ गं!"

दूध उतू गेलं.

साबण झाला, तेल झालं, तूप झालं. जोडवी हलेनात. "सोनार कापून देईल," आक्का म्हणाली. "एवढा मिशीवाला पुरुष, गावासमोर जोडवी मिरवत टेकडी चढणार का?"

"कापायची नाहीत."

"मग जाऊ नकोस."

"जाणार."

आक्का तुपाची वाटी उचलून आत गेली.

अष्टमीला पाय झाकतील इतकं लांब धोतर नेसून निघालो. पायथ्याशी झाडाखाली जोडे ठेवले. प्रत्येक पावलाला पूर्ण तळवा टेकवत चढलो. घोटा एकदाही वळला नाही. दगडावर टक्, टक् होत होतं. एका वळणावर मी चुकून विचारलं, "दमलीस का?"

वर पोचल्यावर उन्हासाठी डोक्यावर उपरणं ओढून एका पायरीवर दम खात बसलो. त्याच पायरीवर सवाष्णी ओळीनं बसल्या आहेत, हे ध्यानात आलं नाही. सावित्रीबाई नावाच्या एक थकलेल्या बाई खाली मान घालून एकेकीच्या पायांना हळदकुंकू लावत सरकत होत्या. माझ्या धोतराची कड त्यांनी बाजूला सारली, बोटांनी जोडवी चाचपली आणि त्या पायाला कुंकू लावलं.

"अगं बाई, केवढे पाय हे! सासर कुठलं गं तुझं?"

"मी... देवासचाच."

त्यांनी वर पाहिलं. मिशी पाहिली. "अरे देवा!"

मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, कुंकू पुसतील. त्यांनी दुसरा पाय पुढे ओढला.

"एकाच पायाला लावून कसं चालेल? ती आलीय ना वर," म्हणाल्या, आणि नीट बोट टेकवलं.

खाली उतरलो, तर झाडाखाली जोडे नव्हते.

मी कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो. इतकी वर्षं जे सांगत आलो, ते अखेर खरं ठरलं होतं. आणि ज्या एका माणसाला ते ऐकवायचं, ते माणूस नव्हतं.

अनवाणीच घरी आलो. टक्, टक्. आक्कानं आतूनच विचारलं, "आलास का, दत्तू?"

"आलो. आक्का, जोडे चोरीला गेले! मी हिला म्हणत नव्हतो?"

आक्का दारात आली. माझ्या पायांवरचं कुंकू पाहून तिनं पदरानं डोळे टिपले.

"ती असती ना, तर म्हणाली असती, एक जोडे राखायचं काम दिलं होतं तुम्हाला, तेवढंही झालं नाही."