तात्यांच्या वहीतला बिननावाचा शब्द

उसाची ट्रॉली काट्यावर आली की रंगनाथ तात्या ड्रायव्हरला दोन गोष्टी करायला लावायचे. एक, इंजिन बंद करायचं. दोन, आत्ता वाजत होतं त्या गाण्यातल्या अवघड शब्दाचा अर्थ सांगायचा. पहिला नियम कारखान्याचा होता. दुसरा तात्यांचा.

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तात्यांची सगळी नोकरी झाली. आमच्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना गाण्याचा शौक केवढा, ते सांगायला नको. असा एखादा ट्रॅक्टर दणदणत आला की तात्या खिडकीतून हात काढायचे. "थांब. आत्ता ती बाई बुचाड म्हनली. बुचाड म्हंजी काय?" ड्रायव्हर म्हणायचा, आपण ठेका ऐकतो, शब्द कोण ऐकतो? तात्या वजनाची पावती बोटांत धरून बसायचे. मागं रांग लागायची, हॉर्न सुरू व्हायचे. शेवटी मागून एखादा म्हातारा मुकादम वैतागून ओरडायचा, की ज्वारीच्या पेंढ्या उभ्या रचतात त्याला बुचाड म्हणतात, आता सोडा त्या पोराला. तात्या पावती सोडायचे आणि मुकादमाचं नाव-गाव लिहून घ्यायचे.

आता ते निवृत्त आहेत. केडगावात आमच्या गल्लीत, समोरच्या घराच्या माडीवर एकटे राहतात. काटा सुटला, सवय सुटली नाही. बोलायला गेलं की आधी "स्थिर हो" म्हणतात. मी पायी आलेला असलो तरी "खाली उतर आधी" म्हणतात. आणि गाण्यात नवा शब्द कानावर पडला की एकच प्रश्न : "ह्याला मानूस हाय का?"

शब्दाला माणूस म्हणजे काय, हे मला उशिरा कळलं. तात्यांची एक लांबट वही आहे. डावीकडे गाण्यातला शब्द आणि उजवीकडे, अर्थ असावा तिथं, माणसाचं नाव. तो शब्द ज्याच्या हातातून गेलेला आहे असा माणूस. 'थारोळं' या शब्दापुढं पाथर्डीकडच्या एका आजोबांचं नाव आहे. त्यांनी मोट हाकलेली, मोटेचं पाणी ज्यात ओततात ते थारोळं त्यांच्या मळ्यात अजून आहे, त्यात कोंबड्या बसतात. 'चिताक' हा गळ्यातला दागिना. त्याच्यापुढं शनिशिंगणापुरात रुईच्या माळा विकणाऱ्या एका म्हातारीचं नाव. शिंगणापूरला जाऊन देवाचं दर्शन न घेता परत आलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला. म्हातारीपाशी दोन तास बसले आणि एसटीनं परत.

या सगळ्या माणसांकडं तात्या वर्षातून एकदा जातात. अर्थ तर मिळाला, आता कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मानूस बरा हाय का बघायला नको?" मी एकदा त्यांना जाडजूड शब्दकोश आणून दिला. त्यांनी आठ दिवस ठेवला आणि परत केला. म्हणाले, "छापलाय चांगला. पन ह्यात कुनीच राहत न्हाई."

शेजारच्या लग्नात त्यांनी हळदीला डीजेच्या पिकअपवर चढून आवाज बंद केला होता. नवरदेवाचे मित्र खवळले. तात्यांनी सगळ्यांना स्थिर व्हायला सांगितलं आणि शब्द विचारला. एकानं मोबाईल काढला. तात्या म्हणाले, "मोबाईल नको, आजीला बोलव." आजी आली, तिनं शब्द सांगितला, वर त्या पोरांना दोन शिव्याही सांगितल्या. तात्यांनी फक्त शब्द लिहून घेतला.

मी तेव्हा या सगळ्याला रिकामपणाचा उद्योग म्हणायचो, आणि तोंडावर म्हणायचो. मी पत्रकं लिहितो. पाणी, रेशन, मजुरी, जिथं अन्याय तिथं माझं पत्रक. तात्या मला नावानं हाक मारत नाहीत, "काय रं पत्रक" म्हणतात. गेल्या वर्षी आमच्या संघटनेनं हक्कसोडीचा विषय घेतला. बाप गेला की बहिणींकडून लिहून घेतात, की जमिनीतला माझा हिस्सा मी सोडते. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, प्रकरण संपतं. याच्याविरुद्ध मी गावोगाव भोंगा घेऊन फिरत होतो.

त्याच हंगामात एक गाणं प्रत्येक ट्रॅक्टरवर वाजायला लागलं. त्यात 'चाडं' असा शब्द होता. पोरं त्यावर नाचायची, अर्थ कुणालाच माहीत नव्हता. मला वाटलं, तात्या आता गल्ली डोक्यावर घेणार. पण त्यांनी कुणालाच विचारलं नाही. उलट ते गाणं लागलं की खिडकी लावून घ्यायचे.

मी वही उघडून पाहिली. 'चाडं' पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत होतं. शाई जुनी. पुढं नाव नव्हतं. आख्ख्या वहीत तेवढाच एक शब्द बिननावाचा.

मी खोदून खोदून विचारलं. खोदण्यात मी तयार आहे. शेवटी तात्या बोलले. चाडं म्हणजे पेरणीच्या पाभरीवरचं लाकडी वाडगं, त्यातून मुठीनं बी सोडायचं. त्यांच्या रानात चाड्यावर हात थोरल्या बहिणीचा, सरू आक्काचा. वडील म्हणायचे, सरूच्या मुठीचं रान विरळ उगवत नाही. ते वडील वारले. महिन्याच्या आत तात्यांनी आक्काला कचेरीत नेऊन हक्कसोडीवर सही घेतली. तिनं कागद वाचलासुद्धा नाही. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून तात्या तिच्या दारात गेले नाहीत. जिल्हाभर लोकांच्या आज्या शोधत फिरले, पण आक्काचं गाव आलं की एसटीत खिडकीकडं पाठ करून बसायचे.

"तोंड न्हाई रं मला," एवढंच म्हणाले. हे त्यांनी मला सांगितलं होतं. आमच्या संघटनेला नाही.

मी त्याच आठवड्यात पत्रक छापलं. मथळा : 'शब्द जपले, बहीण विसरली!' नाव घातलं नाही, याचा मला मोठा अभिमान होता. 'वजनकाट्यावर नोकरी केलेला, गाण्यातले शब्द गोळा करणारा एक भाऊ' इतकंच लिहिलं. असा भाऊ जिल्ह्यात दुसरा आहे का, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. खरं सांगायचं तर आला होता. मी तो बाजूला सारला, कारण पत्रक चांगलं उतरलं होतं. तालुक्यातल्या चार बाजारांत ते मी भोंग्यावर वाचलं. बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

पंधरा दिवसांनी भर दुपारी माझ्या दारात एक म्हातारी उभी राहिली. हातात पत्रक. खाली माझं नाव आणि पत्ता होताच.

"तूच का रं ह्यो?"

मी ओळखलं, ही सरू आक्का. आनंद झाला मला. मी तिला ओट्यावर बसवलं आणि कायदा सांगायला लागलो. तुम्हाला अजून दावा लावता येईल का ते आपण वकिलाला विचारू, संघटना पाठीशी आहे, तुम्ही घाबरू नका. मी बराच वेळ बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "सही मी केली. त्यानं हात धरून न्हाई करवली. मला वाटलं, दिवाळीला न्यायला येईल. आला न्हाई. माझं भांडन जमिनीचं न्हवतंच रं बाबा, त्यो आला न्हाई ह्याचं हुतं. ते मी त्यालाच बोलले असते. आता बाजारात बाया म्हनत्यात, सरूला जमीन पायजे, म्हनून भावाला चोर छापलाय."

मी म्हणालो, ते समोरच राहतात, या माडीवर. चला, मी येतो बरोबर.

तिनं एकदा वर बघितलं. खिडकी अर्धी उघडी होती. "वीस वरीस वाट बघितली. आता मी गेले तर हिस्सा मागाया आली म्हनतील. त्यो आला तर तुझ्या ह्या कागदाला भ्याला म्हनतील. जायाचं हुतं ती वाट तूच बुजवली." तिनं पत्रकाची घडी घातली, माझ्या शेजारी ठेवली आणि पुणे रस्त्याच्या दिशेनं चालायला लागली. चप्पल झिजलेली होती. मी ओट्यावरून उठलोसुद्धा नाही.

हक्कसोड चूक आहे, हे मी आजही म्हणतो आणि उद्याही भोंग्यावर म्हणेन. पण त्या दिवशी पत्रक ओट्यावरच ठेवून मी माडीचा जिना चढलो.

तात्या दाराला लागून असलेल्या खिडकीपाशी उभे होते. अंगात बाहेर जायचा सदरा, पायात चपला, हात दाराच्या कडीवर. सगळी तयारी करून ते तिथंच थांबले होते. किती वेळ, कोण जाणे. आता शिव्या बसतील म्हणून मी उभा राहिलो. बसायलाच हव्या होत्या.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. रस्त्याकडं बघतच त्यांनी विचारलं, "उन्हातनं आली ती. पानी दिलंस का तिला?"

मी दिलं नव्हतं.