पप्याचा परदेश दौरा

पप्याने माझा फ्लेक्स लावला तेव्हा मी मोशीत भाड्याने राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. भर चौकात माझा हसरा चेहरा आणि खाली 'भावी नगरसेवक'. हिंजवडीच्या ऑफिसात मला आजही त्याच नावाने हाक मारतात.

पप्या हा माझ्या घरमालकांचा धाकटा मुलगा. इंजिनिअरिंगला आहे म्हणतात, पण त्याचा खरा अभ्यास फ्लेक्सचा. वॉचमनचा वाढदिवस असो की शेजारच्या म्हशीला झालेलं रेडकू, फ्लेक्स लागणारच. "फोटू जित्याचा लावायचा, राव!" हे त्याचं पालुपद.

त्याच्या वर्गातला बिकाश नेपाळचा, पप्याचा जिवलग. खोलीवर एकटाच डेंग्यूने आजारी पडला आणि गावी गेला, तो परत येईना. "तिथं तुला बघणारं कोण आहे?" म्हणून त्याच्या आईने साफ नकार दिला होता.

"आईला भेटून आणतोच त्याला!" पप्याने जाहीर केलं. लगेच चौकात फ्लेक्स, 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', मागे विमान. साहेब गेले मात्र रेल्वेने, आणि पुढे घाटात एसटीपेक्षा खटारा बसमध्ये ओकत. काखेत गुंडाळलेला नवा फ्लेक्स. त्यावर बिकाशच्या आईचा दाराएवढा फोटो.

पहाटे पोचल्याबरोबर, घरी जायच्या आधीच, त्याने तो गावातल्या चौकात बांधला. त्या गावात एवढा मोठा फोटो माणूस गेल्यावरच लागतो, हे या शहाण्याला कोण सांगणार? मराठी मजकुरातलं कुणाला फारसं कळलं नाही. थोड्याच वेळात अर्धं गाव रडत बिकाशच्या दारात. दार उघडलं खुद्द आईने, हातात दुधाचं पातेलं. शेजारीण किंचाळून मागच्या मागे पडली.

गर्दीमागून आलेला पप्या बिकाशच्या मागे लपला. सगळा उलगडा झाल्यावर ती माऊली पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पप्याला पोटभर जेवू घातलं आणि मुलाला म्हणाली, "जा. इतक्या लांब येणारं हे येडं जवळ असेल तर मला काळजी नाही."

दोघं परतल्यावर ही हकीकत ऐकून मी पोट धरून हसलो. "अरे, पेढे न्यायचे! फ्लेक्स कसला नेतोस?"

पप्या हसला नाही. "आमची आई गेली तवा घरात तिचा एकबी फोटू न्हवता, दादा. आधार कार्डावरचा मोठा करून हार घातला. त्यात ती वळखूच येत न्हाई."

त्याच संध्याकाळी मी लातूरला आईला फोन करून तिचा एक चांगला फोटो मागवला आणि पप्याकडे दिला. त्याने मजकूर विचारलाही नाही.

आता आई मोशीच्या चौकात हसते आहे. 'भावी महापौर'.