हरिश्चंद्र मयेकरांची झोप

हरिश्चंद्र मयेकर जहाजावरून कायमचे घरी आले आणि त्यांची झोप उडाली. उभा जन्म इंजिनरूममध्ये तेलपाणी करण्यात गेला. तिथे भिंतीपलीकडे इंजिन धडधडत असताना माणूस मेल्यासारखा झोपायचा. आणि इथे मिऱ्याला, समुद्रकाठच्या स्वतःच्या घरात, मऊ गादीवर डोळे टक्क उघडे! डोक्यात आपलं चालूच: कुठला व्हॉल्व्ह उघडा राहिला, कुठलं बेअरिंग तापलं.

त्यांच्या बायकोचं, यमुनाबाईंचं दुःख निराळं. नवरा सदा बोटीवर, फोन आला तरी "बरी हायस ना?" एवढ्यावर संपायचा. पोटातलं सगळं बाईंनी त्यांच्या निवृत्तीसाठी राखून ठेवलं होतं. पण तोंड उघडलं की मयेकर कपाळाला हात लावत.

"अगो, आधी जरा डोळा लागू दे. मग बोल काय ते."

झालं! बोलायचं तर आधी नवरा झोपायला हवा. बाई पदर खोचून त्याच्या झोपेमागे लागल्या.

मुंबईहून लेकीने, तेजस्वीने, मन शांत करणाऱ्या आवाजांचं ॲप टाकायला सांगितलं. "आई, लाटांचा आवाज लाव. लोक त्यानेच झोपतात."

दुपारी जेवणं झाल्यावर बाईंनी लाटा लावल्या. मयेकर ताडकन उठून बसले.

"इंजिन बंद पडलं!"

"अवो, मोबाईल हाय तो!"

"तुला काय कळतंय? खाली आमाला लाटा कधी ऐकू येतात? इंजिन बंद पडलं की! खिडकीतनं खऱ्या येतात त्या कमी हायत, म्हणून तू आणखी लावतेस?"

मग पाऊस लावला, तर ते गळती शोधायला पलंगाखाली शिरले. पाखरं लावली, तर म्हणाले, "किनारा जवळ आला. आता कसली झोप!"

बाईंनी हात टेकले. वैतागून त्या घावनांचे तांदूळ दळायला बसल्या. विजेची घरघंटी घरघरली आणि आतून घोरणं ऐकू आलं. बाईंना खरं वाटेना. दोनदा जाऊन बघून आल्या.

त्या दिवसापासून दळण सुरू झालं. तांदूळ संपले, नाचणी संपली, कुळीथ संपले. डबे भरले, मग पातेली, मग कळशी. सकाळी घावनं, दुपारी भाकरी, रात्री कुळथाची पिठी. शेजारणी आपापलं दळण घेऊन येऊ लागल्या आणि "यमुनाबाय, जरा बारीक हां," असं वर सांगू लागल्या. केस, भुवया, देव, सगळं पिठाने पांढरं. बोलणं राहिलंच, कारण मयेकर झोपले की घंटी सोडता येत नव्हती आणि उठले की ते भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जात.

एकदा भरदुपारी वीज गेली. घंटी थांबली तशी मयेकर "ब्लॅकआउट!" म्हणून आरोळी ठोकत स्वयंपाकघरात धावले आणि इंजिनाचं तेल तोडावं तसा त्यांनी चहाच्या आधणाखालचा गॅस सिलिंडरपासून बंद करून टाकला.

शेवटी व्हायचं तेच झालं. घंटीची मोटर जळाली.

मयेकर पुन्हा छताकडे बघत पडले. बाई पलंगाच्या कडेला बसल्या. अंगात त्राण नव्हतं, डोळे भरून आले होते. "काय माझं नशीब..." असं त्या पुटपुटल्या.

"बोल गो," मयेकर मऊ आवाजात म्हणाले. "बोल तू. थांबू नको."

किती वर्षांनी हे ऐकलं! त्या बोलू लागल्या. वादळात पत्रे उडाले, तेव्हा पोरीला पोटाशी धरून त्या मोरीत कशा बसल्या होत्या. सासूबाई शेवटी मुलाचंच नाव घेत होत्या, तर "तो वाटेत हाय" असं खोटं कसं सांगितलं होतं. एकटीने रडायचं ते मागल्या दारी, पोरीला दिसू नये म्हणून. सांगता सांगता त्या हुंदके देऊ लागल्या. मयेकर डोळे मिटून ऐकत होते.

मग घोरणं ऐकू आलं.

बाई बघतच राहिल्या. त्या बोलायच्या थांबल्या.

मयेकर दचकून उठले. "काय झालं? बंद कशानं पडलं?"

"काय नाय. झोपा तुम्ही," बाई म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि उडालेल्या पत्र्यांपासून पुन्हा सुरुवात केली.