खालून धरायला माणूस

"बाबा, तुम्ही घट्ट करताय का नुसतंच फिरवताय?" टेबलाखालून मुलगी म्हणाली.

"झालं, झालं. शेवटचा."

"रोज शेवटचाच असतो."

मिस्त्रींनी वरून बोल्ट आवळला. मुलगी पाना घेऊन बाहेर आली, गुडघे झटकले आणि ऑफिसची पर्स शोधू लागली. संध्याकाळी ती परत येणार होती, तेच बोल्ट काढायला.

मिस्त्रींच्या घरात टेबल एकच. दिवसा त्यावर लोकांच्या कात्र्या, सुऱ्या आणि करवतींना धार लावायची, आणि संध्याकाळी त्यावरच जेवायचं. जेवायच्या टेबलावर लोखंड दिसता कामा नये, हा बायकोचा नियम. म्हणून धार लावताना हत्यार पकडून ठेवणारा अवजड लोखंडी व्हाइस रोज सकाळी टेबलावर चढे आणि संध्याकाळी उतरे. बोल्ट आरपार. वरून मिस्त्री फिरवत, खालून बायको नट धरत असे. गेल्या वर्षी ती गेली. नियम राहिला. खालची जागा मुलीकडे आली.

"हे बघा," मुलगी दारात थांबून म्हणाली, "एक तर तो व्हाइस तिथेच राहू दे."

"आणि जेवू कुठे?"

"ताट मांडीवर घेऊन."

मिस्त्रींनी पहिली कात्री व्हाइसमध्ये धरली.

"मग रविवारपर्यंत एकट्याने चढवून, उतरवून दाखवा. नाही जमलं तर टेबल विकायचं आणि माझ्याकडे यायचं. तुमच्या जावयांनी खोली रिकामी करायला घेतलीय."

मुलीच्या घरी मिस्त्रींना काही कमी पडलं नसतं. फक्त तिथे त्यांना काही काम नव्हतं.

ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने अर्धंच ऐकून घेतलं. "लाकडाचं टेबल ना, काका? मग लाकडाचे स्क्रू मारा. खालून कुणी लागत नाही."

स्क्रू चांगले बसले. संध्याकाळी निघाले, सकाळी पुन्हा बसले, संध्याकाळी पुन्हा निघाले. त्यानंतर ते पेचकसाशिवाय, नुसत्या बोटांनीही निघू लागले. मिस्त्रींनी भोकांत काडेपेटीच्या काड्या कोंबल्या आणि काम सुरू ठेवलं. माळ्याची मोठी कात्री व्हाइसमध्ये धरून त्यांनी जरा जोरात ओढली, तर कात्रीबरोबर व्हाइसही आला आणि जमिनीवर पडला.

खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड कंडक्टर लगेच वर आले. हातात चहाचा कप होता.

"काय पाडलंत?"

"व्हाइस."

"मला वाटलं तुम्हीच पडलात."

"नाही."

"मग ठीक आहे. छताचा पोपडा चहात पडला, एवढंच." कंडक्टर खुर्चीवर बसले आणि पोपडा बाजूला करून चहा प्यायले.

मिस्त्री पुन्हा दुकानात गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "रोज काढायचंय असं बोलला नाहीत, काका."

"तू विचारलं नाहीस."

"रोज काढलं की लाकूड झिजतं हो. आता हे घ्या, पंखवाले नट. पाना नको, बोटांनी फिरतात."

नट बोटांनी फिरत होते, पण बोटं टेबलाखाली न्यावी लागत होती. मिस्त्री बऱ्याच प्रयत्नांनी खाली गेले. नट फिरवला तर वरचा बोल्टही त्याच्याबरोबर गोल फिरायला लागला. बोल्ट धरायला वर यावं, तर नट खाली. अशा दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या फेरीला कंबरेत उसण भरली. ते होते तिथेच आडवे झाले. हातात बोल्ट होता, तो त्यांनी खाली ऐकू जावं म्हणून जमिनीवर आपटला.

कंडक्टर वर आले, वाकून बघितलं आणि सवयीने म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका, जागा आहे."

"जागा आहे. कंबर नाही."

"मग थोडा वेळ पडून राहा. ओढलं तर अजून अडकेल."

पडल्यावर वर बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. टेबलाच्या आडव्या फळीवर जुन्या गादीचा एक तुकडा बारीक खिळ्यांनी ठोकला होता. डोकं आपटतं त्याच ठिकाणी. मिस्त्रींना तो ठोकल्याचं आठवेना. त्यांनी ठोकलाच नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी हे टेबल खालून कधी पाहिलंच नव्हतं.

"काय बघताय एवढं?" कंडक्टरांनी विचारलं.

"गादी आहे इथे."

"मग झोपाच आता."

मिस्त्रींनी हात वर करून गादी चाचपली; बायकोच्या डोक्याने ती मधोमध दबली होती.

तिसऱ्या वेळी दुकानदाराने त्यांना स्टूल दिलं आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मग एक चपटा, गोल नट पुढे ठेवला. त्याच्या कडेला अणकुचीदार दात होते. "हा लाकडात ठोकून बसवायचा. मग तो जागचा हलत नाही. वरून बोल्ट लावा, वरून काढा, रोज करा. आधीच नाही का सांगायचं, काका?"

कंबर अजून धड नव्हती, म्हणून मिस्त्रींनी ते नट वरूनच ठोकले. टेबलाखाली जाणं वाचलं याचं त्यांना बरं वाटलं. व्हाइस ठेवून त्यांनी बोल्ट आवळायला घेतला. जितका आवळावा तितका व्हाइस एका बाजूने उचलला जाऊ लागला. त्यांनी बोल्ट काढून तो सरकवला, तर लाकडातून नट दात काढून वर आला होता.

"हा तुम्हाला हसतोय," कंडक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी नट बोटांत धरून वर-खाली केला. मग हळूच म्हणाले, "बोल्ट त्याला वर ओढणार. म्हणजे ठोकायला पाहिजे खालून. तरच ओढला की आत रुतेल."

"परत खाली जाणार तुम्ही?"

"टेबलच उलटं करू."

दोघांची वयं मिळून होती तशी होती. टेबल उलटं करायला अर्धी सकाळ गेली आणि सुलटं करायला उरलेली. पण नट बसले. मिस्त्रींनी एकट्याने व्हाइस चढवला, उतरवला आणि पुन्हा चढवला. कंडक्टरांनी तो धरून हिसके दिले. टेबल हललं, व्हाइस हलला नाही.

रविवारी मुलगी आली. मिस्त्रींनी तिला काही न बोलता खुर्ची दिली. वरून बोल्ट काढले, व्हाइस कोपऱ्यात ठेवला, टेबल पुसलं, व्हाइस परत आणला, बोल्ट लावले.

"जमलं की," मुलगी म्हणाली.

"जमलं."

"म्हणजे आता खालून कुणी नको."

"नको."

"बरं झालं." ती टेबलाकडे बघत राहिली. "म्हणजे मी आता सरळ ऑफिसला जायचं आणि सरळ घरी."

"हो. तुझी दगदग वाचली."

"हो ना."

तिने पर्स खांद्याला लावली आणि परत काढून ठेवली. मग भिंतीच्या फळीवरचा जुना पाना उचलला आणि टेबलाखाली शिरली. थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली.

"बाबा, हा मागचा ढिला आहे."

"नाही गं, मी स्वतः ठोकलाय."

"खाली मी आहे का तुम्ही? ढिला आहे. याला पाना लावून धरावाच लागणार. रोज."

तो नट गोल होता. त्याला पाना लागतच नाही. मिस्त्रींनी हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"असेल," ते म्हणाले.

"असेल काय, आहेच. आवळा, मी धरते."

मिस्त्रींनी मागचा घट्ट बसलेला बोल्ट थोडा सैल केला आणि सावकाश पुन्हा आवळायला घेतला.